कडता न कापणारा काटा

३ एप्रिल २००६ रोजी ४,८७५ रुपयांचा एका छोट्या संगणकाचा बोर्ड रत्नदीपच्या मंचरच्या दुरुस्तीच्या दुकानात आला. त्याचे नकाशे सर्वांना खुले होते. बोर्डावर वजनकाटा चालवायचा आणि कांद्याचे खरे माप सगळ्यांना दिसेल असे करायचे, हा निमगाव सावाच्या या गड्याचा हट्ट. मंचरच्या कांदाबाजारातला आडत्या कुंडलिकशेठ याने काटा आपल्या गाळ्यात लावू दिला.

रत्नदीपने बोर्डात आधी लिनक्स ही मोठी संगणकप्रणाली घातली. पण वीज जाऊन आली की पडदा अठ्ठेचाळीस सेकंद काळा.

"यंत्र हाय का जावई?" शेठ म्हणाला. "उठायलाच एवढा येळ!"

हमाल हसले. तेवढ्यात शेठच्या दिवाणजीने अंदाजाने वजन पुकारले. डिंगोऱ्याचा शेतकरी सावळेराम आडवा आला, तर हमालाने गोणी ओढायचा आकडा त्याच्या खांद्यात घातला. रक्त गोणीवर उडाले. रत्नदीपने काळ्या पडद्याकडे पाहिले. काटा आंधळा होता म्हणून हे झाले.

त्याने लिनक्स काढले. एक छोटी, खुली प्रणाली निवडली; ती क्षणात उठायची, पण तिला हा बोर्ड ओळखीचा नव्हता. बोर्डाचे घड्याळ, मेमरी, वजन आणणारी तार, एकेक तिला शिकवावे लागले. एकोणीस दिवस गेले.

पुन्हा बाजार भरला. वीज गेली, आली, आणि लगेच लाल आकडे उजळले : ५२.४.

"पन्नास!" दिवाणजी सवयीने ओरडला.

गोणीमागे दोन किलोंहून जास्त कडता, म्हणजे वजनातली घट, माती-बारदानाच्या नावाने, तो नेहमी तोंडीच कापायचा. आज वरचे आकडे सगळ्यांनी वाचले.

"कडता कुठंय रं?" शेठ रत्नदीपवर गरजला.

"तुमी तोंडानं कापताच की, शेठ. मला वाटलं, काट्यात घालायचा न्हाई."

शेतकऱ्यांनी दिवाणजीला खाली पाडून तुडवले. शेठने पाच किलोचे वजन उचलून रत्नदीपच्या उजव्या हातावर हाणले. हाडे मोडल्याचा आवाज त्याने स्वतः ऐकला.

"लिही आता कडता!"

दुसरा घाव बोर्डावर पडणार, तोच सावळेरामने शेठची मान धरली आणि त्याला कांद्याच्या ढिगात पालथा घातला. नाकातोंडातून रक्त येईस्तोवर सोडला नाही.

"पावणं, काटा उचला," तो धापा टाकत रत्नदीपला म्हणाला. "आमच्या गावाला न्या."

काटा डिंगोऱ्यात आजही एका सेकंदात उठतो. रत्नदीपची दोन बोटे वाकडीच राहिली. कळफलक तो डाव्या हाताने चालवतो. प्लॅस्टरचे एकशे वीस रुपये सावळेरामने भरले होते, ते रत्नदीपकडून अजून यायचे आहेत.