अडीच किलोच्या आत

शकूमावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी दादरला, आमच्या शाळेच्या ऑफिसात दहावीचे फॉर्म तपासत होते. तिचा मुलगा सुनील एवढंच म्हणाला, "आई सकाळी चहा घेऊन खुर्चीत बसली... ती उठलीच नाही." त्याला आता महिना झाला. परळच्या एका प्रसूतिगृहात, नवजात बाळांच्या वॉर्डात तिची सिस्टर म्हणून सगळी नोकरी झाली आणि निवृत्तीनंतरही वरळीच्या आमच्या बीडीडी चाळीत कुणाकडे बाळ आलं की मावशी कोपरापर्यंत हात धुऊन दारात हजर असायची. आम्ही कोकणातले परब, ती बौद्ध कांबळ्यांची. समोरासमोरच्या खोल्यांत आमचे संसार झाले, म्हणून ती माझी मावशी.

एकोणीस वर्षांपूर्वी माझी रेवा झाली, ती दोन किलोलाही वीस ग्रॅम कमी. घरी आलो तेव्हा कार्डावर इंग्रजीत 'लो बर्थ वेट' लिहिलं होतं. सासूबाईंनी दुपट्यात डोकावून म्हटलं, "ह्या चेडू सात म्हयन्याचा दिसता गो. तू नीट खाल्लंस नाय." मावशी आली तेव्हा माझा नवरा प्रवीण तिला गॅलरीत घेऊन गेला आणि हळूच विचारलं, "मावशी, लो म्हणजे... डोक्यानं कमी असेल का ती?" मी आतून ऐकलं.

मावशी त्याला हाताला धरून आत घेऊन आली. "सगळ्यांनी ऐका," ती म्हणाली. "जन्मताना वजन अडीच किलोच्या आत असलं की हे लिहितात. अर्थ एवढाच. का कमी, ते त्यात नसतं." मग मला विचारलं, "दिवस किती भरले होते?" अडतीस आठवडे, मी म्हटलं. "म्हणजे ही सात महिन्यांची नाही, भरल्या दिवसांची आहे, फक्त पोटात कमी वाढली. आधी झालेलं बाळही लहान असतं आणि हेही लहान. शब्द दोघांना तोच लावतात, पण डॉक्टरांना दोघांकडे वेगवेगळं बघावं लागतं. पुढे ती कशी होईल ते हा शब्द सांगत नाही रे प्रवीण. आत्ता जपा, एवढं सांगतो. ऊब, आईचं दूध, धुतलेले हात." सासूबाईंच्या हातात मधाची बाटली होती. "वहिनी, मध नको. आणि सुनेला बोल लावू नका, याची कारणं पन्नास असतात." सासूबाईंनी बाटली मुकाट्यानं फळीवर ठेवली.

सहाव्या दिवशी दुपारी रेवा दूध ओढेना. शांत झोपलीय, असं आम्हाला वाटलं. मावशीनं तिच्या तळपायाला हात लावला मात्र, तिचा चेहरा बदलला. "टॅक्सी बोलव," ती प्रवीणला म्हणाली. रेवाला माझ्या ब्लाउजच्या आत, उघड्या छातीशी धरायला लावलं आणि वरून शाल गुंडाळली. हॉस्पिटलात तरुण डॉक्टरांनी कार्ड पाहून विचारलं, "प्रीमॅच्युअर ना?" मावशी ठामपणे म्हणाली, "नाही डॉक्टर. लो बर्थ वेट, पण फुल टर्म. आज दूध ओढत नाही, अंग गार आहे. आधी साखर बघा." साखर फार उतरली होती. आठ दिवसांनी आम्ही रेवाला घरी आणलं.

मग ऊब द्यायची पाळी प्रवीणची. लोअर परळच्या ऑफिसातून आला की अंघोळ करून शर्टाची बटणं उघडी टाकायचा आणि रेवाला छातीवर घेऊन खोलीत बसायचा. शेजारचे पुरुष दारातून हसायचे. मावशी त्यांना म्हणायची, "हसताय काय? हा नुसता बसलाय, तरी तुमच्यापेक्षा जास्त काम करतोय."

हे सगळं तिला इतकं आतून का यायचं, ते मला वर्षभरानं कळलं. रेवाच्या पहिल्या वाढदिवसाला भांडी पुसता पुसता ती म्हणाली, "सुनीलच्या आधी मला एक मुलगी झाली होती. बारीकशी. सगळे म्हणाले, अपुऱ्या दिवसांची आहे, राहायची नाही. कुणी वजन केलं नाही, दिवस मोजले नाहीत... नुसती वाट बघितली गं." त्यानंतर मावशी नर्सिंगला गेली. एवढं सांगून तिनं पुढचं ताट उचललं.

परवा सुनीलनं मला मावशीची खोली आवरायला बोलावलं. रेवाही आली होती. कपाटाच्या खालच्या खणात, साड्यांच्या घड्यांखाली फोटोंचा गठ्ठा निघाला. तिच्या हाताखालून गेलेल्या बाळांचे, पण मोठेपणीचे. कुणी शाळेच्या गणवेशात, कुणी नवरीच्या शालूत. घरच्यांनी आठवणीनं पाठवलेले. मागे मावशीचं टपोरं अक्षर. 'अस्मिता, फार बडबडी.' 'रोहन, कॅरम छान खेळतो.' वजन एकाही फोटोमागे नव्हतं. रेवानं आपला फोटो शोधून काढला, उलटा केला आणि मागचं वाचलं. मग माझ्या हातात दिला. 'रेवा. माझं ऐकत नाही, आणि तेच बरं.'