केशोरावांचे भगवे मासे

नवेगाव बांधच्या बंगल्यातल्या जंगलसाहेबाची बदली झाली आणि त्याचं सामान लिलावात निघालं, तेव्हा शहाण्या माणसांनी खुर्च्या घेतल्या. केशोराव टेंभऱ्यांनी मासे ठेवायची काचेची पेटी घेतली. ती मांडीवर धरून बैलगाडीनं ते अर्जुनीला आपल्या घरी आले. वाटेत प्रत्येक खड्ड्याला त्यांनी गाडीवानाला अशा शिव्या हासडल्या की, माळकरी माणसाला ह्या येतात कुठून, हे त्या बिचाऱ्याला कळेना.

माळ त्यांनी तरुणपणीच घातली होती, आणि ती घातल्यापासून घराला एकच कायदा होता: ह्या छपराखाली जीव मारायचा नाही, खायचा नाही. ढेकूणसुद्धा चिमटीत धरून अंगणात सोडायचा. तो रात्रीपर्यंत परत यायचा, ही गोष्ट वेगळी. ह्या कायद्यात सुमित्राबाई लग्न होऊन आल्या. माहेर नवेगाव बांधचं, तळ्याकाठचं. मासोळीशिवाय त्यांच्या घरी जेवण झालं असं कुणी म्हणत नसे. इथं आल्या आणि मासोळी सुटली. तुला चालेल का, असं त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

पेटीत वाळू पडली, पाणगवत रुजलं, आणि बाजारात मासोळी विकणाऱ्या कवडू ढिवराकडून आणलेले बारीक झिंगे त्यात फिरू लागले. इवल्याशा हातांनी शेवाळ वेचून ते तोंडात घालत. केशोराव तासन्‌तास बघत बसायचे. "हे तर आपल्यातलेच निघाले," असं त्यांनी जाहीर करून टाकलं. पण झिंगे काचेसारखे आरपार. पाहुणे यायचे, डोळे बारीक करायचे आणि म्हणायचे, "पाटील, पाणी दाखवाले बलावलं का?" हे केशोरावांना फार झोंबलं. त्यांनी मासे आणायचं ठरवलं.

सुमित्राबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "आणा जी. पण तुमच्या माशानं एक झिंगा जरी खाल्ला, तर माह्या चुलीवर मासोळी शिजन. मी सोडली ना? मग तो काऊन खाईन?"

"मी पारखूनच आणीन वो," केशोराव म्हणाले. घराचा कायदा आता एका माशाच्या वागणुकीवर येऊन ठेपला होता.

आणि पारख तरी काय केली ह्या माणसानं! कवडूच्या घमेल्यात पिल्लांचा एक थवा होता, अंगानं नारिंगी, जवळजवळ भगवा. सगळी एकमेकांना धरून, भजनाला निघाल्यासारखी. केशोराव विरघळलेच. कवडू म्हणाला, "पाटील, हे मरळीचे पिल्लं होत जी." पण मासोळीच्या जातीशी माळकऱ्याला काय करायचं? मरळ म्हणजे तळ्यातला दरोडेखोर, हे सुमित्राबाईंना पाळण्यात असल्यापासून ठाऊक होतं. त्यांनी पिल्लं पाहिली, पदर तोंडाला लावला आणि आत निघून गेल्या. त्याच दिवशी त्यांनी मासोळीचा मसाला वाटायला पाटा घासून ठेवला.

पुढं जे व्हायचं तेच झालं. भगवा रंग उतरला, अंगं काळपट झाली, तोंडं रुंदावली. झिंगे कमी दिसू लागले. "गवतात लपून राहिले," केशोराव म्हणायचे. वाळूवर झिंग्याची रिकामी साल सापडली, तेव्हा तर ते हरखून ओरडले, "पहा, कपडे बदलवून राहिले!" हे खरंच होतं, पण कपडे बदलणारेही रोज घटत होते.

अखेर एका दुपारी ते पेटीजवळ एकटे असताना एका मरळीच्या जबड्यातून झिंग्याच्या मिशा बाहेर आलेल्या त्यांनी पाहिल्या. मिशा हलल्या आणि आत गेल्या. दुसऱ्या कुणी पाहिलं नव्हतं. केशोराव बराच वेळ माळ चाचपत बसले. गप्प राहणं फार सोपं होतं. मग ते उठले, चुलीपाशी गेले आणि म्हणाले, "खाल्ला."

सुमित्राबाई हसल्या नाहीत. "रंग कायले पाह्यता जी? तोंड पाहा," त्या म्हणाल्या. "ज्याच्या तोंडात झिंगा मावत नाही, तो मासा झिंग्यापाशी ठेवावा."

मरळी गावच्या बोडीत, शेतापाशीच्या लहान तळ्यात, सोडल्या. बाजारच्या दिवशी कवडूनं दोन मडकी भरून दिली: एकात पेटीसाठी तिळाएवढ्या तोंडाच्या चंदेरी मासोळ्या, दुसऱ्यात चुलीसाठी. केशोराव दोन हात दोन्हीकडे लांब धरून घरी आले, अदलाबदल व्हायच्या धास्तीनं घामाघूम.

संध्याकाळी ते ओट्यावर बसले. आतून वास आला. नाक धरायला उचललेला हात त्यांनी परत खाली ठेवला. मग त्यांनी दारात जाऊन विचारलं, "कशी झाली वो?"

सुमित्राबाईंपुढं ताट तसंच होतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"मीठ चुकलं जी," त्या म्हणाल्या. "हात विसरला माहा."

केशोराव उंबऱ्यावरच बसले.

"पुढच्या बाजारी आणतो अजून," ते म्हणाले. "येईन हात परत."