मक्त्याचं विमान

माझे बाबा मुळातच संशयी. कारंजा (घाडगे)जवळ आमचं भाजीचं वावर. बाजारात कुणी घासाघीस न करता वांगी घेतली, तर ते त्याची नोट उन्हात धरून बघणार. मी नागपूरच्या विमानतळावर एका विमान कंपनीच्या काउंटरवर लागले, तेव्हा त्यांनी पेढा तोंडात टाकायच्या आधी विचारलं, "विमानं त्याईची सोताची हायेत का?"

मी म्हटलं, नाही, भाड्याची असतात. बहुतेक कंपन्यांची तशीच असतात.

"म्हंजे मक्त्याचं वावर," ते म्हणाले. त्या दिवशी कंपनी त्यांच्या मनातून उतरली ती उतरलीच.

मला याचा भारी राग यायचा. खरं कारण वेगळंच आहे, असं मला वाटत होतं. आष्टीचं एक स्थळ तेव्हा आमच्या घराभोवती घिरट्या घालत होतं, आणि त्यांना नोकरीवाली सून नको होती. मला नोकरी सोडायची नव्हती. नागपुरातली ती एवढीशी खोली, तो इस्त्रीचा गणवेश, सगळं माझं होतं. बाबा कंपनीवर संशय घेत, मी बाबांवर.

पुढे पगार लांबायला लागला. तेलवाले आधी पैसे घेतल्याशिवाय विमानात इंधन भरेनात. साहेबांनी मात्र केक कापला आणि आपण सगळे एकच कुटुंब आहोत, असं सांगितलं. केक खाताना मलाही जरा शंका आली, पण घरी कबूल कोण करणार?

एका सुट्टीत जेवताना मी सहज बोलून गेले, की आमचं एक विमान बरेच दिवस कडेला उभं आहे, त्याचे पार्ट काढून दुसऱ्याला लावले.

बाबांचा हात ताटातच थांबला. "मोटार काढून नेली म्हण की."

आमच्याकडे वर्षाच्या बोलीवर वावर करणारा, म्हणजे मक्तेवाला, पुढच्या साली येणार नसला तर तसं सांगत नाही. चहा पितो, गोड बोलतो आणि गुपचूप विहिरीवरची आपली मोटार उचलून नेतो. ती दिसली नाही, की मालक समजून जातो.

"नेली नाई बाबा, दुसऱ्या विमानाले लावली."

"मक्तेवाला बी तसाच जाते. तू दुसरी नोकरी पाह्य."

"दुसरी नोकरी का दुसरं घर?" मी फणकारले. "सरळ सांगा ना, मले आष्टीले धाडाचं हाये."

ते खाली मान घालून जेवत राहिले. चोराच्या मनात चांदणं, मी म्हटलं मनात.

मग एका सकाळी बोर्डावर आमची सगळी उड्डाणं रद्द दिसली. साहेबांचा फोन बंद. लोक काउंटरवर हात आपटत होते. माझाच पगार अडकलेला आणि मी त्यांना सांगत होते, घाबरू नका, तुमचे पैसे मिळतील. संध्याकाळी खोलीवर जाऊन खूप रडले.

बॅग घेऊन एसटीने घरी निघाले, तेव्हा वाटभर उत्तरं तयार करत होते. आता बाबा म्हणणार, मी म्हणत नव्हतो? आणि रविवारी आष्टीवाले पोहे खायला हजर.

पण बाबांनी नुसती बॅग उचलून आत ठेवली. "जेवून घे," एवढंच म्हणाले. त्याने तर माझा संशय पक्काच झाला. हा माणूस असा गप्प बसणारा नाही.

जेवण झाल्यावर मीच तोंड उघडलं. "आष्टीवाले कधी येऊन राह्यले?"

आईने बाबांकडे पाहिलं. ते उद्याच्या बाजारासाठी सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत होते.

"त्याईले तं मी कवाचंच नाई म्हटलं. पोरगी नोकरीवर हाये, सोडणार नाई, असं सांगतलं."

मी म्हटलं, "पण आता कुठी हाये नोकरी?"

त्यांनी जुडीला गाठ मारली.

"थे त्याईले काऊन सांगू?"