मेला कान

माझा उजवा कान लहानपणीच मेला. गालगुंड झाले होते. ताप उतरला, सूज उतरली आणि जाताना कान घेऊन गेली. आईला हे बऱ्याच दिवसांनी कळलं. तोवर ‘ऐकून न ऐकल्यासारखी करते’ म्हणून तिनं मला भरपूर धपाटे घातले होते. सगळ्यांत आधी ओळखलं ते माझ्या मोठ्या बहिणीनं. आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाई म्हणतात. बाई माझ्या उजवीकडे झोपायची. एकदा तिनं त्या कानात काहीतरी विचारलं, मी हललेसुद्धा नाही, आणि तिला शोध लागला. पण लबाडीनं तिनं आईला लगेच सांगितलं नाही. आधी त्या कानाचा उपयोग करून घेतला. जे कोणालाच सांगायचं नसे ते ती माझ्या उजव्या कानात सांगायची. मला नुसती गरम वाफ लागायची. ‘‘काय म्हटलं?’’ म्हणून मी डावा कान पुढे केला, की म्हणायची, ‘‘काही नाही. मेल्या कानाले सांगितलं.’’

एका कानावर माझं काही अडलं नाही, असं मी सगळ्यांना सांगत आले. अडत होतं, पण सांगून काय उपयोग? कोणी हाक मारली तर ती ऐकू येते, कुठून आली ते कळत नाही. मग मी भलतीकडेच बघत राहते आणि लोक हसतात. रिक्षात मी उजव्या टोकाला बसते, म्हणजे सगळी माणसं डावीकडे येतात. लग्नात उजवा खांदा भिंतीला लागेल अशी खुर्ची शोधते, आणि ती कोणी आधीच घेतली असली तर अहेर देऊन, न जेवता घरी येते. मी गोंदियाला लागून असलेल्या मुर्रीत ब्लाऊज शिवते. माझं मशीन दार माझ्या डावीकडे येईल असं ठेवलेलं आहे. तरी एखादं गिऱ्हाईक उजवीकडून येतं, दोनदा बोलतं आणि जातं. ‘‘टेलर लय घमंडी है,’’ असं माझ्याबद्दल गोंदियाच्या अर्ध्या बाजारात बोललं जातं. बोलोत बापडे. मी खरंच थोडी घमेंडी आहे, आणि रागीटही आहे.

नवरा होता तोवर तो नेहमी माझ्या डावीकडून चालायचा. आम्ही त्याबद्दल कधी बोललो नाही, त्याला सवयच झाली होती. तो गेला आणि मुलगी लग्न होऊन रायपूरला गेली. आता माझ्या कोणत्या बाजूनं चालायचं हे माहीत असलेलं जवळपासचं एकच माणूस उरलं होतं, बाई. आणि तिच्याशी माझा दोन वर्षं अबोला होता.

तो अबोला कसा धरला ते सांगते. बाईचं सासर इटियाडोह धरणाच्या कालव्याखालच्या एका गावात आहे. तिचे मालक, आमचे भाऊजी, अचानक वारले. निरोप मिळताच मी गोंदियाच्या स्टेशनवर गेले. गाडीचा फलाट ऐन वेळी बदलला. भोंग्यावरून सांगितलंही म्हणे, मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत. मला गर्दीत भोंगा म्हणजे नुसता कालवलेला आवाज. सगळी माणसं जिना चढून पळायला लागली तेव्हा मी विचारलं, ‘‘काय झालं?’’ कोणीतरी उजवीकडून उत्तर देऊन गेलं असावं. माझ्या डोळ्यांदेखत गाडी पलीकडून सुटली. मग एसटी, मग फाट्यावर वाट बघणं. मी पोहोचले तेव्हा माती आटोपून माणसं आंघोळी करून परत आली होती.

ओसरीत बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या. मधोमध बाई, पदराचा बोळा तोंडाशी धरून. सगळ्या एकदम बोलत होत्या. मी समोर जाऊन उभी राहिले. बाईनं वर पाहिलं आणि म्हणाली, ‘‘काऊन आली?’’

काऊन म्हणजे का, कशाला. एवढ्या बायकांसमोर, सख्ख्या बहिणीला, दारात उभं करून. मला उशीर झाला होता, हे खरं. पण मी काय मजा मारत होते का गाडीत? डोक्यात अशी तिडीक गेली, की मी पाण्याचा गडूसुद्धा हातात घेतला नाही. चपला पायांत सरकवल्या आणि फाट्याकडे चालायला लागले. मागून कोणी हाक मारली असेल तर मला ऐकू आली नाही.

नंतर फोन नाही, दिवाळीचं येणं-जाणं नाही. मी मशीनवर पाय मारता मारता तिच्याशी भांडायचे. ‘‘तुझ्या मालकाच्या मयतीले आली, अजून कायले येईन?’’ असं मोठ्यानं म्हणायचे. कोण ऐकणार होतं? पण खरं सांगते, संध्याकाळी दिवा लावला की तिचीच आठवण यायची. आई गेलेली, वडील गेलेले. मी लहान असताना कशी होते हे सांगू शकणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं. तिच्या तोंडून आलेला तो एक प्रश्न मला रोज टोचायचा.

दरम्यान डावा कानही कुरकुर करायला लागला होता. गिऱ्हाईक बाही छोटी म्हणायची आणि मी मोठी शिवायचे. मुलगी आली तशी मला ओढतच कानाच्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथे तपासणारी एक तरुण मुलगी होती, गोड बोलणारी. तिनं मला काचेच्या खोलीत बसवलं आणि तोंडासमोर पुठ्ठा धरला. म्हणाली, ‘‘काकू, मी म्हणेन तो शब्द तुम्ही परत म्हणायचा.’’

पुठ्ठा बघूनच माझा जीव घाबरला. आयुष्यभर आपण अर्धं ओठांवरून ऐकत आलो, हे मला तेव्हा कळलं.

ती काहीतरी म्हणाली. मी म्हटलं, ‘‘काट.’’ ती पुढचा शब्द म्हणाली, मी म्हटलं, ‘‘पळ.’’ असे बरेच शब्द झाले. मग तिनं बाहेर बोलावून समजावलं. ‘‘मी खाट म्हटलं, तुम्ही काट ऐकलं. मी फळ म्हटलं, तुम्ही पळ ऐकलं. ‘ख’मध्ये जो श्वास असतो ना काकू, तो बारीक आवाज असतो. तुमच्या चांगल्या कानातून तोच आधी गेलाय. तुम्हाला ‘ख’ आणि ‘क’ सारखेच.’’ माझी मुलगी शेजारी बसून मान हलवत होती.

मी म्हटलं, ‘‘बाळा, पुन्हा पुठ्ठा धर. खाऊन आली, असं म्हण. मग काऊन आली, असं म्हण. आधी कोणतं म्हणते ते मला सांगू नको.’’

ती हसली, पण म्हणाली. दोन्ही वेळा मला एकच ऐकू आलं. काऊन आली. काऊन आली.

आमची आई दारात आलेल्या कोणालाही पहिला प्रश्न तोच विचारायची, खाऊन आली का? बाईनं तो तिच्याकडून उचलला होता. उन्हात आलेल्या माणसाला पाणी द्यायच्या आधी ती तेच विचारते. हे मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. पण त्या दिवशी मला एकच ऐकू आलं आणि मी तेच धरून बसले. मुलगी विचारत होती, ‘‘मम्मी, रडतेस कशाला? मशीन लावली की येईल ऐकू.’’ तिला काय सांगणार?

मशिनी दोन मिळाल्या. डाव्या कानातली आवाज मोठा करते. उजव्या कानावरची नुसती कान देऊन बसते. त्या बाजूचा आवाज पकडते आणि बिनतारेनं डाव्या कानात पाठवते. म्हणजे मेला कान मेलाच आहे, त्याच्या दारात फक्त एक राखणदार बसवला आहे. सगळं डावीकडेच ऐकू येतं, त्यामुळे हाक कुठून आली हे अजूनही कळत नाही. पण आली हे तरी कळतं.

मुलगी रायपूरला परत गेली आणि मी मशिनी लावून घरात बसले. फ्रिज घरघरत होता. पंखा कुठेतरी घासत होता. माझ्या बांगड्या शिलाई मशीनच्या फळीवर आपटतात, हे मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. पाल चुकचुकली तशी मी दचकून उठले. मी घास चावते त्याचाही आवाज येत होता. दिवसभर ऐकलं आणि संध्याकाळी लक्षात आलं, की या घरात माणसाचा आवाज तेवढा नाही. आधी वाटायचं, ऐकू येत नाही म्हणून घर शांत आहे. मशिनी काढून डबीत ठेवल्या आणि भात न खाताच आडवी झाले.

बाईला फोन करावा असं रोज वाटायचं. करून काय म्हणणार? तू तेव्हा ख म्हटलं होतंस की क? आणि ती क म्हणाली तर? दोन वर्षं मी रागाच्या आधारानं काढली होती. आता तो राग खोटा निघाला तर वाईट, आणि खरा निघाला तर त्याहून वाईट. शेवटी ब्लाऊजचे तुकडे पिशवीत कोंबले, दाराला कुलूप घातलं आणि स्टेशनवर गेले. भोंग्यावर फलाट नीट ऐकला. तरी दोन माणसांना विचारून खात्री केली.

बाई अंगणात सुपात तांदूळ निवडत बसली होती. किती वाळली होती. मी फाटक उघडलं, तिनं वर पाहिलं. हात थांबले. तोंडावर पदर नव्हता, आसपास कोणी बोलत नव्हतं आणि माझ्या दोन्ही मशिनी चालू होत्या. ती म्हणाली,

‘‘काऊन आली?’’

स्वच्छ ऐकू आलं. क. श्वासाचा मागमूस नाही.

मी तिथेच उभी राहिले. पाय मागे वळायला बघत होते. पण दोन वर्षांपूर्वीच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला आले होते, ते दिलं.

‘‘नाही,’’ मी म्हटलं, ‘‘खाऊन नाही आली. भूक लागली.’’

‘‘मी काऊन म्हटलं व. खाऊन नाही म्हटलं.’’

‘‘अन् त्या दिवशी? भाऊजी गेले त्या दिवशी काय म्हटलं होतं?’’

बाई माझ्याकडे बघत राहिली. समजायला तिला वेळ लागला. मग सूप बाजूला ठेवून म्हणाली, ‘‘त्या दिवशी खाऊनच म्हटलं होतं. घरात चूल पेटली नव्हती. शेजारच्यांनी आणलेला भात तुझ्यासाठी झाकून ठेवला होता मी. लहानी उपाशी येईन म्हणून. तू तं चपला घालून निघूनच गेली.’’

‘‘मले काऊन ऐकू आलं, बाई.’’

ती उठून चुलीपाशी गेली. मी मागोमाग जाऊन खाली बसले. तिनं भात वाढला, वर लाखोरीच्या पाल्याची सुकवलेली भाजी आणि तेल. मी खाली मान घालून जेवायला लागले तेव्हा तिचं लक्ष गेलं. ‘‘मशीन घेतली का? पण या मेल्या कानाले कायले लावली?’’

आता ते राखणदाराचं सगळं कोण समजावत बसणार? तोंडात घास होता. ‘‘जोडीच येते,’’ मी म्हटलं.

‘‘हं,’’ म्हणाली, आणि माझ्या उजवीकडे येऊन बसली, लहानपणी बसायची तशी. मग ती अगदी हळू बोलायला लागली, चुलीकडे बघत.

‘‘दोघांचाच भात टाकून राहिली व मी अजून. अर्धा गाईले जाते. त्या दिवशी फाट्यापर्यंत आली होती तुझ्या मागं. हाका मारल्या. किती मारल्या. मंग वाटलं, ही आता माझ्या मातीलेच येईन. एकटीनं राहवत नाही मले. चार दिवस राय म्हणावं वाटते. पण म्हणणार नाही मी. तुले तुझा धंदा हाय.’’

एकूण एक शब्द माझ्या डाव्या कानात येत होता. मी मान वर केली नाही. आयुष्यभर ती त्या कानात काय बोलत आली ते मला कधी कळलं नव्हतं, आणि मला ऐकू येतं असं तिला आज कळलं असतं तर ती लगेच गप्प झाली असती. मी नुसती जेवत राहिले.

ती थांबली तेव्हा मी नेहमीसारखा डावा कान पुढे केला. ‘‘काय म्हटलं?’’

‘‘काही नाही,’’ बाई डोळे पुसून म्हणाली. ‘‘मेल्या कानाले सांगितलं.’’

मी ताट पुढे केलं. ‘‘अजून वाढ,’’ मी म्हटलं. ‘‘अन् चार दिवस राहीन म्हणते मी. ब्लाऊजचे तुकडे संगंच आणले.’’

बाईनं माझ्या या कानाकडे पाहिलं, मग त्या कानाकडे पाहिलं, आणि भात वाढला.