वकिलात हलली म्हणे!

निरगुडसरला जायचं ठरलं ते १९९५ साली, दाजींच्या फोनमुळे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. जन्मात पहिल्यांदाच परदेशी निघाले होते, ठिबक सिंचन बघायला, इस्रायलला. पासपोर्ट व्हिसासाठी मुंबईच्या वकिलातीत दिलेला.

"पेपरात आलंय, वकिलात जेरुसलेमला हलवायचा कायदा झाला. माझा पासपोर्ट बी गेला की!"

खरं सांगते, मलाही नीट कळेना. पुण्याहून सकाळची एसटी धरली.

तुम्ही जाणार असाल तर मंचरला उतरून आधी मिसळ हाणा, मगच निरगुडसरची गाडी शोधा. उपाशीपोटी ती गाडी झेपत नाही. बाकी दोन्हीकडे ऊस, रस्ता झकास.

ताईनं गरम भाकरी वाढली, पण दाजी जेवेनात. विमान आठवड्यावर आलेलं. "लई हौसेनं सुटकेस आणलीय गं," ताई हळूच म्हणाली.

"वकिलातीचं वकिलालाच ठावं," दाजी उठले. "चला मेव्हणीबाई, जुन्नरला."

त्यांची मोटारसायकल राजदूत. वकिलातीच्या चौकशीला राजदूतावरून! हसू दाबत मागे बसले. नारायणगावच्या पुढे शिवनेरी दिसायला लागतो. तुम्ही थांबून बघा, आम्हाला कुठली उसंत!

जुन्नरच्या पेठेत एका बोळात वकीलसाहेबांचं ऑफिस. त्यांनी बातमी दोनदा वाचली.

"अहो राव, कायदा अमेरिकेचा. जेरुसलेम इस्रायलची राजधानी मानायची आणि तेल अवीवमधली त्यांची वकिलात तिथं न्यायची. तुमचा पासपोर्ट मुंबईत, इस्रायलच्या वकिलातीत. ती कुठं चाललीय?"

"म्हंजी आपली नाय हलत?"

"अजिबात नाही. आणि अमेरिकेचीही लगेच हलेल असं नाही. त्यांच्या अध्यक्षांना पुढं ढकलायची मुभा आहे."

"त्यांच्यात बी तारीख पडती व्हय!" दाजी बाकावर मटकन बसले आणि पोटभर हसले. हुश्श! माझ्याही जिवात जीव आला. परतताना नारायणगावला दोघांनी भज्यांवर ताव मारला.

मी पुण्याला पोचले, आणि दोनच दिवसांनी ताईचा फोन: पासपोर्ट आला, शिक्क्यासकट. दाजी जाऊन आले, आल्या आल्या कांद्याला ठिबक बसवलं.

याला आता, २०१५ साली, वीस वर्षं झाली. ती बातमी अधूनमधून पेपरात येते आणि दाजी न चुकता फोन करतात. परवाही केला.

"आगं, परत तारीख पडली! मी जाऊन आलो, रान भिजलं, अन् ती वकिलात आजून हाय तिथंच!"