ओसरीवरचा जावई

जावई सासरवाडीला येतो तो पाव्हणा म्हणून. दोन दिवस राहतो, पुरणपोळी खातो, टॉवेल-टोपी घेऊन जातो. आमचा जावई पोरीच्या बाळंतपणाला आला तो कपड्यांच्या बॅगा, लॅपटॉप आणि स्वतःची उशी घेऊन. उशी बघितली आणि माझ्या मनात पाल चुकचुकली.

माझी पोरगी कॅनडात नर्स होती. जावई मूळचा बारामतीचा, पण तिकडचा नागरिक झालेला. पोरीकडं नुसतं कार्ड, तिकडं कायम राहायची परवानगी असलेलं. लग्नानंतर जावयाला बारामतीत एका कंपनीचं काम मिळालं, म्हणून दोघं इकडं येऊन राहिली. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आमचा रिवाज. मी पोरीला आमच्या गावी, पळसदेवला, घेऊन आलो. जावयानं बारामतीत राहावं आणि बारशाला यावं, एवढं सरळ होतं. पण हा रोज सकाळी गाडीनं बारामतीला जायचा आणि दिवस मावळायला पुन्हा आमच्या दारात.

डेअरीवर दूध घालायला गेलो की लोकांना विषयच मिळाला.

"आबा, जावयाचं नाव रेशनकार्डात घातलं का न्हाय अजून?"

"घरजावई आन् ऊस सारखाच. एकदा लागण केली की तोडणीनंतर बुडख्यांचा खोडवा ठिवावाच लागतो."

मी रिकामी किटली उचलली. त्यांनी बोललेलं मी आधीच मनात बोलून बसलो होतो.

बाळंतिणीच्या घरात नवऱ्यानं झोपणं आमच्यात बरं दिसत नाही. मी त्याची सोय शेजारी चुलतभावाच्या घरी केली. पंखा, गादी, मच्छरदाणी, सगळं. तर हा म्हणतो, "मामा, राग मानू नका, पण मला ह्याच घरात झोपायला पाहिजे. ओसरीवर झोपेन."

"का? तिकडं काय इंचू चावतोय?"

"तसं नाही. घर हेच पाहिजे."

आमच्या ओसरीवर उजनी धरणाच्या पाण्याचे डास असे, की बैल शेपूट हलवून थकतो. तरी हा तिथंच झोपला. डासांत झोपणाऱ्या माणसाचा काहीतरी मतलब असतो. मी माझी बाज उचलली आणि त्याच्या आणि दाराच्या मधे टाकली.

मग फोटो सुरू झाले. पोरीला उंबऱ्यात उभी करायची, आपण शेजारी उभं राहायचं, मागं घर आलं पाहिजे. एकदा विचारलं, "मामा, लाईटबिल तुमच्याच नावावर येतं ना?" माझ्या लाईटबिलाशी ह्याला काय करायचंय?

मी चौथी शिकलोय, पण कागद काय करतो ते मला कळतं. माझ्या बापानं अंगठा उठवला आणि आमचं जुनं गाव उजनीच्या पाण्याखाली गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुनं देऊळ वर येतं, ते बघायला लोक लांबून येतात. मी जात नाही. मला बघायचं असतं ते आमच्या घराचं जोतं, आणि ते गाळात आहे.

एका रविवारी मी त्याला उसात नेलं आणि आमिष टाकलं. "ह्यो पाण्याकडचा तुकडा तुमच्या नावावर करावा म्हणतो."

"मामा, मला शेतजमीन घेताच येत नाही. मी परदेशी नागरिक."

"येत असती तर?"

तो हसला. त्या हसण्यावर माझे दोन दिवस गेले.

बाळ महिन्याचं झालं तेव्हा तो खरं मागायला आला. मी इंदापूरला नोटरीपुढं लिहून द्यायचं, की हे दोघं माझ्या घरात एकत्र राहिले. मी म्हणालो, "सही मिळायची न्हाय." आणि उठून पोरीच्या खोलीत गेलो. शेगडीचा धूर, ओव्याचा वास, बाळ तिच्या पायांवर.

"खरं सांग. ह्येला काय पाहिजे?"

"त्यांना काय नको, आबा. मला पाहिजे. माझं कार्ड टिकवायचं तर पाच वर्षांत दोन वर्षं तिकडं राहायला लागतं. न्हायतर इकडं, पण तिकडच्या नागरिक नवऱ्यासंगं एका घरात. ते दिवस धरत्यात. आधीच माझे दिवस काठावर हायेत. तिकडचा वकील म्हणाला, एकत्र राहिल्याचा पुरावा तुटू देऊ नका. तुमी त्यांना चुलत्याकडं झोपवायला निघाला होता."

"म्हंजी दोरी त्येच्या हातात. त्यो संगं ऱ्हायला तर तुझं कार्ड."

"आत्ता व्हय."

"आन् उद्या त्येनं सोडलं तर?"

मला वाटलं, ती चिडेल. ती बाळाची टोपी सारखी करत म्हणाली, "म्हणून तर कार्ड जितं पाहिजे. ते असलं की मी पोराला घिऊन तिकडं जाईन, माझी नोकरी करीन, कुणाला विचारायचं न्हाय. ते गेलं तर मात्र त्यांच्या नावानंच पुन्हा अर्ज करत बसायचं. आता सांगा, सही कुणासाठी?"

मी बाहेर आलो आणि जावयाला म्हणालो, "गाडी काढा."

नोटरीनं मजकूर वाचून दाखवला. मी तो स्वतः, बोट ठेवून, पुन्हा वाचला. 'माझ्या घरात राहत होते' असं होतं.

"ह्ये बराबर न्हाय. जावई वसरीवर झोपत व्हता. तसं लिवा."

नोटरी म्हणाला, "आजोबा, ओसरी घरातच येते."

"येऊ द्या. पर खोट्यावर माझी सही न्हाय. उद्या कुणी इचारलं तर माझी पोरगी अडकायची."

जावई खाली मान घालून हसत होता. लिहिलं गेलं. मी सही केली, अक्षर न् अक्षर सुटं. कागद मी त्याच्या हातात दिला नाही. घडी करून बंडीच्या आतल्या खिशात ठेवला आणि घरी येऊन पोरीच्या हातात दिला. "तुझ्या ट्रंकेत ठिव. किल्ली तुझ्यापाशी."

संध्याकाळी त्यानं गादी पसरायला घेतली. आमची मंडळी पदर सावरत म्हणाली, "अवं, आता तरी त्यास्नी आत झोपू द्या. लेकराचा बाप हाय त्यो."

मी बाज जागची हलवली नाही.

"कागदावर वसरी लिवलीय. वसरीच."