बिब्बा उतला म्हणे

परवा गडचिरोलीच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी माझ्या लेकीचे तळहात उजेडात धरले. तळव्यांवर, बोटांच्या बगलेत लालसर, पाणी धरलेले फोड. "विषाणूचा आजार आहे. एका मुलाकडून दुसऱ्याला होतो. आठवड्यात जाईल," त्या म्हणाल्या. हे फोड मी ओळखत होते.

मी सात वर्षांची होते. आईने जंगलातून वेचून आणलेले बिब्बे अंगणात वाळत होते. त्यांचं तेल कातडीला लागलं की उततं, फोड उठतात, म्हणून आम्हा बहिणींना त्यांना हात लावायची सक्त मनाई होती. मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या, दिवशी सकाळीच माझे तळवे असे फुलले.

"हिले बिब्बा उतला!" आई ओरडली.

"मी हात नाई लावला वं माय."

"लावला होता. मी पाह्यलं," दारातून ताई म्हणाली. तिच्या दोन्ही मुठी मिटलेल्या होत्या. मला वाटलं, थंडीनं असेल.

आईनं दोन धपाटे घातले, तळव्यांना खोबरेल चोपडलं आणि मला शेजारणीकडे सोडून ताईला मंडईला नेलं. तिथली ढोलकी मला दिवसभर ऐकू येत होती.

दवाखान्याच्या पायरीवरूनच ताईला फोन लावला. ती हसायलाच लागली. "अवं, पहिले माह्याच हातावर आले होते ते फोड. सांगतलं असतं तर मायनं मले नेलं असतं का मंडईले?"

नकळत कधीतरी बिब्ब्याला माझाच हात लागला असेल, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. संशय घेतला तो स्वतःच्या हातांवर. तिच्या मुठींवर कधीच नाही.